वाचकांचे प्रश्न : शेडरच्या यादीतला ब्लिन, जांभ्याची भिंत आणि टबातला समुद्र

संगणक-चित्रण आणि व्हीएफएक्स (पडद्यावरचे दृश्य-परिणाम) यांवरच्या मागच्या लेखानंतर रत्नागिरी-सिंधुदुर्गातून बरीच पत्रं आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

माया या थ्रीडी सॉफ्टवेअरात मटेरियलच्या (वस्तूचा पृष्ठभाग प्रकाशात कसा दिसेल ते ठरवणाऱ्या शेडरच्या) यादीत लॅम्बर्ट, फाँग, ब्लिन अशी नावं दिसतात. वर्गातले काही जण म्हणतात की ती कंपन्यांची नावं आहेत. खरं काय? आणि यातलं कुठलं कशाला वापरायचं?
— अ‍ॅनिमेशनचा विद्यार्थी, रत्नागिरी

तिघंही माणसंच. लॅम्बर्ट अठराव्या शतकातला. प्रकाश मोजण्याच्या शास्त्रावरचं त्याचं पुस्तक १७६० सालचं आहे. खडू किंवा सारवलेलं अंगण अशा चमक नसलेल्या पृष्ठभागाचा उजळपणा प्रकाश किती तिरका पडतो यावर, म्हणजे कोनाच्या कोसाइनवर ठरतो, हा त्याचा नियम. तुमचं लॅम्बर्ट मटेरियल आजही तेवढंच करतं. बुई तुओंग फाँग हा व्हिएतनामी विद्यार्थी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात शिकला. चकाकीचं गणित त्याने १९७३च्या प्रबंधात मांडलं. १९७५ मध्ये ते शोधनिबंध म्हणून छापून आलं आणि त्याच वर्षी रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. त्याला जेमतेम बत्तीस वर्षांचं आयुष्य मिळालं, पण आज जगातला प्रत्येक थ्रीडी विद्यार्थी त्याचं नाव घेतो.

जिम ब्लिनबद्दल जास्त लिहायला हवं. जन्म १९४९, शिक्षण आधी मिशिगन विद्यापीठात भौतिकशास्त्राचं, मग युटाला पीएच.डी. युटा तेव्हा या विषयाची पंढरी होती. गुरो, फाँग, कॅटमल हे सगळे तिथलेच. १९७६ मध्ये ब्लिनने मार्टिन न्यूएलबरोबर भोवतालचं चित्र चकचकीत वस्तूत उमटवण्याची रीत दिली. तुम्ही एचडीआरआय (भोवतालच्या उजेडाचं चित्र) लावून गाडी चमकवता त्याचं मूळ तिथे आहे. १९७७ मध्ये चकाकीचं सुधारलेलं गणित आलं आणि १९७८ मध्ये बंप मॅपिंग, म्हणजे सपाट पृष्ठभागाला खडबडीतपणाचा भास देणं. तीन वर्षांत तीन गोष्टी, आणि तिन्ही आजच्या सॉफ्टवेअरात जिवंत आहेत.

युटानंतर तो नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत गेला. व्हॉयेजर १ हे यान ५ मार्च १९७९ला गुरूजवळून जायचं होतं. यानाचा मार्ग आधीच गणिताने ठरलेला असल्यामुळे, ते कुठून कसं जाईल, कोणता उपग्रह केव्हा दिसेल, याची फिल्म यान पोहोचण्याआधीच बनवता येत होती. ब्लिनने ती बनवली, नंतर शनीचीही. ही चलत्‌चित्रं टीव्हीवर जगभर दिसली आणि यानानेच ती टिपली असावीत असं बऱ्याच प्रेक्षकांना वाटलं. शनीची कडी मात्र साध्या शेडरला दाद देत नाहीत, कारण ती पत्र्यासारखी सलग नाहीत. तो असंख्य कणांचा थर आहे. समोरून उजेड आला की एक रूप, मागून आला की वेगळंच. त्यासाठी त्याने ढग आणि धुळीच्या पृष्ठभागाचं स्वतंत्र गणित बसवलं आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध केलं. ‘कॉसमॉस’ या १९८०च्या मालिकेत डीएनएचे रेणू दाखवायचे होते, तेव्हा एकमेकांत मिसळणारे गोळे केले. आज त्यांना मेटाबॉल म्हणतात. पुढे ‘द मेकॅनिकल युनिव्हर्स’ या भौतिकशास्त्राच्या ५२ भागांच्या मालिकेचं अ‍ॅनिमेशन, १९८७ पासून एका तांत्रिक नियतकालिकात सदर, १९९१ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप आणि १९९५ ते २००९ मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात काम. आम्हाला या कारकिर्दीतली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की समोर दाखवायची एक ठरावीक वस्तू होती, ती हातातल्या साधनाने नीट दिसेना, म्हणून तिच्यावर प्रकाश प्रत्यक्षात काय करतो ते बघून त्याने नवं साधन घडवलं.

आता वापर. फाँग आणि ब्लिनमधला फरक बघायला संध्याकाळी भाट्याच्या पुळणीवर जा. सूर्य कलला की पाण्यावर गोल ठिपका पडत नाही, क्षितिजापासून तुमच्या पायापर्यंत उभा लांब पट्टा पडतो. फाँगच्या गणितात ठिपका गोलच राहतो. ब्लिनने प्रकाशाची दिशा आणि डोळ्याची दिशा यांच्या बरोबर मधली दिशा घेतली. पृष्ठभागाचे जे बारीक कण त्या दिशेला तोंड करून आहेत ते चमकतात, म्हणून तिरक्या उजेडात ठिपका आपोआप लांबतो. ओला रस्ता, ओली वाळू, वार्निश केलेलं लाकूड, पाटीतला ताजा बांगडा यांना ब्लिन घ्या. दोन्हींत घातांकाची (ठिपका किती आवळायचा ते ठरवणारी) संख्या टाकायची सोय असेल तर तेवढ्याच आकाराच्या ठिपक्यासाठी ब्लिनची संख्या फाँगच्या सुमारे चौपट लागते. फाँगमध्ये २० असेल तर इथे ८०. मायाच्या ब्लिनमध्ये घातांक नसतो, एक्सेन्ट्रिसिटी (ठिपक्याचा पसरटपणा) असते. ती मुळात ०.३ असते. ओल्या वस्तूला ०.१च्या आसपास आणा, जुन्या लाकडाला ०.४च्या पुढे न्या. नव्या रेंडररमध्ये (दृश्याचं अंतिम चित्र बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) या जागी रफनेस, म्हणजे खडबडीतपणा आला आहे, पण मधल्या दिशेची कल्पना तीच आहे.

आमच्या जुन्या घराची जांभ्याची भिंत थ्रीडीत केली. चिऱ्यांचा फोटो लावून त्याचाच बंप दिला. लांबून छापील कापड ताणल्यासारखी दिसते, जवळून काळ्या डागांचे खड्डे दिसतात. काय चुकतंय?
— एक वाचक, मालवण

तुमच्या फोटोत काळं म्हणजे खोल असं संगणकाने गृहीत धरलं. जांभ्यावर पावसाळ्यानंतर जी काळी बुरशी येते ती रंगाने काळी असते, खोल नसते. उलट उन्हात उजळ दिसणारं भोक संगणकाला उंचवटा वाटतं. रंगाचा नकाशा आणि खोलीचा नकाशा वेगळे करायला हवेत.

फोटो ढगाळ दिवशी काढा, भिंत पूर्ण कोरडी असताना. ओला जांभा गडद आणि चकचकीत होतो. पूर्ण फ्रेमचा कॅमेरा, ५० मिमी लेन्स, भिंतीपासून ३ मीटर, एफ ८, तिवई, फ्लॅश बंद. एका फोटोत साधारण २ मीटर रुंदी मिळते. मोबाइल असेल तर रुंद लेन्स वापरू नका, कडेचे चिरे वाकडे होतात. चौकटीत कुठेतरी मोजपट्टी येऊ द्या.

खोलीचा नकाशा हाताने रंगवणं अजूनही चांगलं. चिऱ्याचा दर्शनी भाग मधला करडा, सांधे गडद, भोकं त्याहून गडद, बुरशी पूर्ण पुसलेली. भोकात आगपेटीची काडी घालून नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. दहा-बारा भोकं मोजली की सरासरी हाताशी येते. ती ८ मिलिमीटर आली आणि दृश्याचं एकक सेंटिमीटर असेल तर एकूण फरक ०.८ ठेवा. अंदाजाने ५ टाकला की भिंत खडकाळ होते. हात चालत नसेल तर ४० ते ६० फोटो, प्रत्येक आधीच्याशी सुमारे ७० टक्के जुळेल असा, घेऊन फोटोग्रामेट्री (फोटोंवरून खोलीसह आकार काढणं) करा.

यानंतरही एक चूक उरते आणि ती फार जणांकडून होते. खोलीचा नकाशा सॉफ्टवेअर रंगाचं चित्र समजून वाचतं आणि एसआरजीबीतून (पडद्यासाठी रंग नोंदवायच्या पद्धतीतून) रूपांतर करतं. मग तुम्ही ठेवलेला ५० टक्के करडा प्रत्यक्षात सुमारे २१ टक्के होतो आणि सगळी भिंत आत दबते. फाइल जोडताना तिथे ‘रॉ’ किंवा ‘नॉन-कलर’ निवडा. नकाशा १६ बिटमध्ये साठवा. ८ बिटमध्ये फक्त २५६ पायऱ्या असतात आणि संध्याकाळच्या तिरक्या उजेडात त्या शेतातल्या बांधांसारख्या दिसू लागतात.

कापड ताणल्यासारखं का दिसतं त्याचं उत्तर ब्लिनच्या १९७८च्या कल्पनेतच आहे. बंपमध्ये पृष्ठभाग हलत नाही. प्रत्येक बिंदूवरचा लंब फक्त कलवला जातो आणि प्रकाशाला खडबडीतपणाचा भास होतो. त्यामुळे भिंतीची कड, कोपरा आणि जमिनीवरची सावली सरळ रेघच राहते. मधल्या भागाला बंप पुरतो. कोपऱ्याचे आणि चौकटीलगतचे चिरे मात्र डिस्प्लेसमेंटने खरोखर वर-खाली करा.

हर्णैसारख्या बंदरातून निघणारी दहा मीटरची होडी केली आहे. समुद्र मात्र टबातल्या पाण्यासारखा दिसतो. लाटा उंच केल्या तरी तसंच. उपाय काय?
— एक वाचक, दापोली तालुका

उंची वाढवून हे सुटत नाही, कारण डोळा लाटेचा वेग बघतो. खोल पाण्यात लाटेची लांबी आणि दोन लाटांमधला वेळ यांचं नातं पक्कं असतं. सेकंदांचा वर्ग करा, १.५६ने गुणा, लाटेची लांबी मीटरमध्ये येते. ४ सेकंदांची लाट २५ मीटर लांब, ८ सेकंदांची १०० मीटर, १० सेकंदांची १५६ मीटर. वेग हवा असेल तर सेकंदांना १.५६ने गुणा. ८ सेकंदांची लाट सेकंदाला साडेबारा मीटर जाते. किनाऱ्यावर उभं राहून पहिल्या लाटेला घड्याळ सुरू करा, अकरावीला थांबवा, दहाने भागा. तुमच्या समुद्राचा वेळ मिळाला.

तुमच्या फाइलमध्ये बहुधा एककाचा घोळ आहे. होडी १० एककं आहे, तुम्ही ती मीटर धरली आणि सॉफ्टवेअर सेंटिमीटर धरतंय. म्हणजे त्याच्या लेखी होडी १० सेंटिमीटरचं खेळणं आहे आणि पाणी त्या खेळण्याचं. लांबी १०० पट कमी झाली की लाटा १० पट घाईत धावतात, कारण वेळ लांबीच्या वर्गमुळाने बदलतो. एकक दुरुस्त करा, उंचीला हात लावू नका.

खरी छोटी होडी पाण्यात सोडून चित्रण करणारेही काही वाचक आहेत. त्यांच्यासाठी हेच गणित उलट चालतं. १/१६ मापाची होडी असेल तर १६चं वर्गमूळ ४, म्हणून २४ऐवजी सेकंदाला ९६ फ्रेम. पण पाण्याचा थेंब लहान होत नाही, पृष्ठताण त्याला त्याच्याच मापाचा ठेवतो. १/१६ मापात ४ मिलिमीटरचा थेंब साडेसहा सेंटिमीटरचा वाटतो आणि तिथेच भास मोडतो. तुषार दिसणार असतील तर १/४पेक्षा लहान होडी घेऊ नका.

एकच साइन लाट दिली की समुद्र नळीच्या पत्र्यासारखा दिसतो. खऱ्या लाटेचा माथा टोकदार आणि खोलगट भाग रुंद असतो. १९८६च्या सिग्राफ परिषदेत समुद्रलाटांवर दोन निबंध एकदमच आले, एक फूर्निए आणि रीव्ह्‌स यांचा, दुसरा पीची यांचा. तिथून टोकदार लाटा रुळल्या. पुढे जेरी टेसेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाने हजारो लाटांची बेरीज फूरिए रूपांतराने झटपट करायची पद्धत चित्रपटांत आणली. तुमच्या सॉफ्टवेअरात ‘ओशन’ नावाचं जे आहे ते बहुतेक हेच. २५० मीटरचा तुकडा आणि दर बाजूला ५१२ घरांची जाळी घेतली तर एक घर अर्ध्या मीटरचं होतं, म्हणजे त्याहून बारीक लहरी बंप म्हणून वेगळ्या द्याव्या लागतात. सुवर्णदुर्गावर ड्रोन नेल्यासारखा उंचावरचा शॉट असेल तर तुकड्याची पुनरावृत्ती ठिपक्यांच्या चादरीसारखी दिसते. २५० आणि १७३ मीटर असे दोन तुकडे एकमेकांवर चढवा. एक दुसऱ्याच्या पटीत नसल्याने रेषा जुळत नाहीत.

टोकदारपणा फार वाढवला तर माथे एकमेकांतून आरपार जाऊन गाठी पडतात. उंची लांबीच्या सातव्या हिश्श्याला पोचली की खरी लाट फुटते, तीच तुमची मर्यादा. सात मीटर लांब लाटेला एक मीटरहून जास्त उंची नको. किनाऱ्याजवळ हे सगळं बदलतं. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाट तळाला जाणवू लागते. अगदी उथळ पाण्यात वेग फक्त खोलीवर ठरतो, २ मीटर खोलीला सेकंदाला ४.४ मीटर. उंची खोलीच्या सुमारे ०.८ पट झाली की लाट फुटते. फेस तिथेच घाला, सगळीकडे शिंपडू नका.

पाण्याला निळा रंग देऊ नका. अपवर्तनांक १.३३ द्या. सरळ खाली बघताना पाणी फक्त २ टक्के प्रकाश परतवतं, क्षितिजाकडे बघताना जवळजवळ सगळा. बराचसा निळेपणा आकाशातून येतो. पावसाळ्यातला शॉट असेल तर खाडीच्या मुखाशी पाणी तांबूस-गढूळ ठेवा आणि आकाश राखाडी. मग निळा कुठेच दिसणार नाही आणि समुद्र आपला वाटेल.

सॉफ्टवेअरात गोल, चौकोन, शंकू यांच्या पंक्तीत चहाची किटली का असते?
— शाळकरी वाचक, गुहागर

१९७५ मध्ये युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएलला चाचणीसाठी एक वस्तू हवी होती. घरातली मेलिटा कंपनीची किटली त्याने आलेखावर रेखाटून संगणकात भरली. कानात आरपार भोक, तोटीची सावली पोटावर, झाकणाची मूठ, दोन दिशांनी वाकलेले पृष्ठभाग. प्रकाशाची जवळपास प्रत्येक अडचण त्या एका वस्तूत आहे. सुरुवातीच्या किटलीला बूड नव्हतं, ते नंतर जोडलं गेलं. खरी किटली यादीतल्या किटलीपेक्षा साधारण १.३ पट उंच आहे आणि आता कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयात ठेवलेली आहे.

दशावताराचा एक प्रवेश हिरव्या पडद्यापुढे चित्रित केला. मागे जंगल घातल्यावर पात्रांना काळी कड येते, दाढीत हिरवं राहतं आणि मुकुटाला भोकं पडतात.
— नाट्यमंडळातला एक कार्यकर्ता, कुडाळ

तीन वेगळे दोष आहेत, कारणंही वेगळी.

मुकुटाची भोकं म्हणजे त्यातल्या आरशांत आणि सोनेरी कागदात उमटलेला पडदा. पात्र पडद्यापासून निदान ३ मीटर पुढे उभं करा आणि पडदा चौकटीत दिसेल तेवढाच ठेवा, बाकीचा काळ्या कापडाने झाका. झालेल्या चित्रणात मुकुटाच्या आतून हाताने मास्क काढून तो भाग भरीव करा.

दाढीतलं हिरवं कॅमेऱ्याच्या नोंदीतून येतं. साधे कॅमेरे ४:२:० पद्धतीने नोंद करतात, म्हणजे उजेड प्रत्येक बिंदूचा पण रंग दर चार बिंदूंना एकच. बारीक केसांच्या कडा रंगात नीट उमटतच नाहीत. ४के मध्ये चित्रण करून १०८०मध्ये आणा, रंगाची नोंद बिंदूगणिक मिळते. शटर १/१०० ठेवा, हलत्या दाढीची पुसट कड कमी होते. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे, त्यामुळे १/५० आणि १/१०० सुरक्षित. १/६०ला काही दिव्यांखाली पट्टे फिरतात.

काळी कड हा जोडणीतला दोष. कोणता बिंदू किती पारदर्शक हे सांगणारा अल्फा अ‍ॅल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कला रुजवला, आणि जोडणीचे नियम पोर्टर आणि डफ यांनी १९८४ मध्ये लिहून दिले. काही प्रतिमांत रंग आधीच अल्फाने गुणलेला असतो, काहींत नसतो. गुणलेल्याला पुन्हा गुणलं की कडा काळवंडतात. आयात करताना ‘प्रीमल्टिप्लाइड’ आणि ‘स्ट्रेट’ यातला योग्य पर्याय निवडा. रंगाची दुरुस्ती करण्याआधी अल्फाने भागा, झाल्यावर परत गुणा.

पुढच्या वेळी वेशात हिरवा शेला असेल तर निळा पडदा घ्या. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निळ्याचे बिंदू हिरव्याच्या निम्मे असतात, म्हणून निळ्या पडद्याला जास्त उजेड लागतो, नाहीतर कडेला दाणे येतात. देवळाच्या आवारात खाऱ्या वाऱ्याने पडदा हलतो. चारी बाजूंनी बांबूच्या चौकटीला ताणून बांधा, पडद्यावरच्या उजेडात अर्ध्या स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त फरक नको.

मुलगी बारावी विज्ञानला आहे, चित्रही चांगलं काढते. व्हीएफएक्सकडे जायचं म्हणते. काय शिकवू?
— एक पालक, राजापूर

बारावीचं गणित सोडू देऊ नका. सदिश, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती हे तीन पाठ म्हणजे या विषयाचा पाया आहे. वर ज्या कोसाइनबद्दल लिहिलं तो दोन सदिशांचा बिंदुगुणाकार आहे. पुढे आयआयटी मुंबईचं डिझाइन विद्यालय आयडीसी (त्यासाठी यूसीड प्रवेशपरीक्षा), अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था एनआयडी, मुंबईतलं जे. जे. कला महाविद्यालय हे मार्ग आहेत. घराजवळ हवं तर चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे. सहा महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या वर्गाची फी भरण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांची शोरील (स्वतःच्या कामाच्या नमुन्यांच्या फिती) मागून बघा. तिथे सगळ्यांची एकसारखी असतील तर नाव घालू नका.

तोवर एक अभ्यास. दादासाहेब फाळके यांनी पहिल्या चित्रपटाच्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम करून टिपलं होतं. तेही जे. जे.चे आणि बडोद्याच्या कलाभवनाचे विद्यार्थी. तुमच्या मुलीने मोबाइल घट्ट बांधून भाताचं रुजणं टिपावं. दर १० मिनिटांनी एक फोटो, दिवसाला १४४, दहा दिवसांत १४४०, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमने बरोबर एक मिनिट. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के करायचे, दिवा एकच, खिडकी बंद. नाहीतर उजेड दर फ्रेमला लुकलुकतो. या एका मिनिटात ती बरंच शिकेल.

तीस सेकंदांचा शॉट रेंडर व्हायला पाच दिवस लागतात, मध्येच वीज जाते. नवा संगणक घेऊ का?
— एक वाचक, देवरुख

तुमचे पाच दिवस हिशेबाने बरोबर आहेत. ३० सेकंद म्हणजे ७२० फ्रेम, फ्रेमला १० मिनिटं, एकूण १२० तास. ब्लिनच्या नावावर एक नियमही आहे. संगणक वेगवान होतात तरी फ्रेमचा वेळ तेवढाच राहतो, कारण माणूस वाचलेल्या वेळेत दृश्य आणखी गुंतागुंतीचं करतो. म्हणून आधी दृश्य तपासा. दर २४वी फ्रेम लहान मापात रेंडर करा, फक्त ३० फ्रेम होतात. चुका बहुतेक तिथेच सापडतात. लांबच्या झाडांचा पानन्‌पान खरा असेल तर तो चित्राने बदला.

विजेसाठी एकच नियम पाळा. थेट व्हिडिओ फाइल कधीच रेंडर करू नका. वीज गेली की अर्धवट फाइल उघडतही नाही आणि चार दिवस वाया जातात. प्रत्येक फ्रेम वेगळी ईएक्सआर किंवा पीएनजी चित्र-फाइल म्हणून साठवा आणि नावात चार अंकी क्रमांक ठेवा, ०००१ पासून. नुसता १ लिहिला तर काही प्रोग्रॅम १ नंतर १० घेतात. वीज आल्यावर शेवटची फ्रेम पुसा, ती बहुधा अर्धी लिहिलेली असते, आणि तिथूनच पुढे सुरू करा.